खोडलेल्या वाक्यापासून सुरुवात : अकरावीच्या वर्गाकडून वर्षभरात एक कथा लिहून घेण्याची पद्धत

मी गोव्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते आणि कथा लिहिते. बरीच वर्षे या दोन कामांची मी एकमेकांशी गाठ पडू दिली नव्हती. रात्री घरी कथा लिहायची, दिवसा वर्गात पाठ शिकवायचे, मुलांना निबंध घालायचे, ते तपासायचे आणि मुलांच्या लिखाणात जीव नसतो अशी खंत शिक्षककक्षात बोलून दाखवायची, असा क्रम चालू होता. एका जूनमध्ये पावसामुळे अर्धा वर्ग गैरहजर होता. पाठ पुढे नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी माझ्या अपुऱ्या राहिलेल्या कथेचे पहिले वाक्य फळ्यावर लिहिले : "त्या दिवशी पाऊस मुसळधार कोसळत होता आणि सदानंदचे मन सैरभैर झाले होते." कथा रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर घडते, एवढेच मी सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "टीचर, सैरभैर म्हणजे तो नक्की काय करत होता?"

मला उत्तर देता आले नाही. मी तसे कबूल केले आणि वर्गासमोरच ते वाक्य खोडले. तास संपेपर्यंत आम्ही सर्वांनी मिळून ते चार वेळा लिहिले आणि शेवटी फळ्यावर उरले ते असे : "फेरी धक्क्याला लागायच्या आधीच सदानंदने स्कूटर सुरू केली, मग बंद केली, आणि पुन्हा सुरू केली." त्या वाक्यात ना पावसाचा उल्लेख होता, ना मनाचा. त्याच आठवड्यात, मी काहीही न सांगता, तीन मुलांनी स्वतःच्या वह्या आणून मला दाखवल्या.

पुढे मांडलेली पद्धत त्या तासातून निघाली आणि वर्षागणिक दुरुस्त होत गेली. तिचा आधार एकच आहे : शिक्षकाने आपला कच्चा खर्डा, खाडाखोडीसह, मुलांपुढे ठेवावा. छापून आलेली कथा दाखवून हे साधत नाही. छापील पान पाहिले की लिहिणारी माणसे वेगळ्याच मातीची असतात असा मुलांचा समज होतो. आपली टीचर एका वाक्यावर तीनदा अडते आणि तरी चौथ्यांदा लिहिते, हे पाहिल्यावर मात्र स्वतःच्या वहीतल्या फसलेल्या वाक्याची त्यांना लाज वाटत नाही. पद्धत अकरावीच्या सुमारे ४० मुलांच्या वर्गासाठी, आठवड्याची एक तासिका धरून, जून ते फेब्रुवारी अशी आखलेली आहे. नववी-दहावीला ती थोडी आटोपती घ्यावी.

शिक्षकाची वही

मुलांना वही घ्यायला सांगण्यापूर्वी स्वतःची वही सुरू करावी आणि ती निदान एक महिना चालवावी. रोज २० मिनिटे पुरतात. ज्यांनी आजवर कथा लिहिलेली नाही अशा सहकाऱ्यांनीही संकोच करू नये, कारण येथे शिक्षकाची कथा चांगली असणे गरजेचे नाही, ती चालू असणे गरजेचे आहे. लिखाण कागदावर करावे. संगणकावर खोडलेले वाक्य दिसेनासे होते, आणि मुलांना दाखवायचे असते ते नेमके तेच. खोडताना एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे शब्द वाचता येतात. प्रत्येक खर्ड्यावर तारीख घालावी आणि जुना खर्डा फाडून टाकू नये.

वर्ग घेणारा माणूस लेखकही असणे ही गोव्याला नवी गोष्ट नाही. सावई-वेरें येथे १९०४ साली जन्मलेले लक्ष्मणराव सरदेसाई शिक्षक होते आणि त्यांनी मराठी, कोंकणी व पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत लेखन केले. बोरीचे बा. भ. बोरकर आकाशवाणीत जाण्यापूर्वी शिक्षकच होते. ही नावे मी पहिल्या आठवड्यात वर्गात घेते, कारण आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर लेखक राहत होते आणि ते आपल्यासारख्याच मुलांना शिकवत होते, हे मुलांच्या कानावर पडायला हवे.

वर्ष सुरू होताच प्राचार्यांना एक पानाची टिपणी द्यावी. अभ्यासक्रमातील निबंध व उपयोजित लेखनाचा सराव याच तासिकेत होणार आहे, हे तीत स्पष्ट लिहावे. तो खरोखरच होतो, त्यामुळे यात कोणतीही पळवाट नाही.

पहिला महिना

मुलांना १०० पानी साधी वही आणायला सांगावी आणि तिचे तीन नियम पहिल्याच दिवशी सांगावेत. या वहीला गुण नाहीत. या वहीत लाल शाई उमटणार नाही. आणि वही मुलाने स्वतः दिल्याशिवाय कोणी, अगदी शिक्षकानेही, उघडायची नाही. मुले तिसऱ्या नियमावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. जुलैच्या मध्यापर्यंत वाट पाहावी.

४० मिनिटांच्या तासिकेतील पहिली ५ मिनिटे शिक्षकाने आपल्या खर्ड्यातला एखादा परिच्छेद, मुख्यतः अडलेला, वाचून दाखवावा. पुढची १५ मिनिटे सर्वांनी गप्प बसून लिहावे, आणि या वेळात शिक्षकाने बाकांमधून फिरू नये, हजेरी भरू नये, आपल्या टेबलाशी बसून स्वतः लिहावे. हा भाग सर्वांत कठीण आहे. शिक्षक मान खाली घालून लिहीत असताना वर्गात गोंधळ होईल अशी भीती वाटते, आणि पहिल्या दोन तासिकांत तो होतोही. मी त्या वेळी मान वर न करता लिहीत राहिले आणि तिसऱ्या आठवड्यापासून वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. उरलेल्या वेळात ज्यांना वाटेल त्या दोघा-तिघांनी वाचावे. कोणी तयार नसेल तर शिक्षकाने त्याच १५ मिनिटांत लिहिलेले वाचावे, कितीही कच्चे असले तरी.

विषय देताना "माझा आवडता सण", "पावसाळ्यातील एक दिवस" असले मथळे कटाक्षाने टाळावेत. त्यांची उत्तरे मुलांना चौथीपासून पाठ असतात. त्याऐवजी एक लहानसा प्रश्न द्यावा : तुमच्या घरातील कोणते दार उघडताना आवाज करते, आणि तो आवाज कोणाला नको असतो? सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजतो तेव्हा घरातील कोण कुठे असते? पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे, सामान भरून झाल्यावर घरातल्या कोणत्या खोलीचा वास बदलतो? अशा प्रश्नाचे उत्तर घरी जाऊन पाहिल्याशिवाय देता येत नाही.

माटोळी

ऑगस्ट-सप्टेंबरात चतुर्थीची सुट्टी येते. त्या सुट्टीत मी एकच काम देते, आणि वर्षभरातील कामांपैकी हे मला सर्वांत मोलाचे वाटते. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीत जे जे टांगलेले असते त्याची नावे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून विचारून घ्यायची आणि प्रत्येक नावापुढे ती वस्तू कोणी, कुठून आणली ते लिहायचे. नारळ, केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, चिबूड आणि तोरिंगे सर्वांच्याच यादीत येतात. कांगण्या, कवंडळे, आंबाडे यांच्याशी आल्यावर यादी रेंगाळू लागते, कारण रानातून हे कोण आणते, पूर्वी कोण आणत असे आणि आता म्हापशाच्या बाजारातून विकत का आणावे लागते, असे प्रश्न निघतात आणि आजी किंवा आजोबा बोलू लागतात.

ज्यांच्या घरी गणपती नसतो त्या मुलांना याच धर्तीचे दुसरे काम द्यावे. एका मुलीने घरातील कोंसाच्या फेस्ताची, म्हणजे नव्या भाताची कणसे इगर्जीत (चर्चमध्ये) आशीर्वादासाठी नेण्याची तयारी अशीच वस्तूंच्या नावांनी लिहून आणली होती. कोणत्याही मुलाला या कामातून वगळलेले वाटू नये, याची काळजी आधीच घ्यावी.

सुट्टीनंतरच्या तासिकेत याद्या मोठ्याने वाचाव्यात आणि प्रत्येकाला आपल्या यादीतील अशी एक वस्तू निवडायला सांगावी की जिच्या मागे एखादे माणूस उभे आहे. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका मुलाने कवंडळ निवडले. ते दर वर्षी काका आणत, आणि काका मुंबईला गेल्यापासून माटोळीतली ती जागा घरच्यांनी मोकळीच ठेवली होती. त्याने हे दोन वाक्यांत लिहिले होते आणि "बाकी काही विशेष नाही" असे खाली जोडले होते. वर्गाने ती जोडणी तेवढी काढायला सांगितली.

घरची भाषा

येथे जरा थांबून लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण गोव्यात मराठी लिहिणाऱ्या मुलाचा खरा अडसर कल्पनाशक्तीचा नसतो, भाषेचा असतो. बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात, इतर विषय इंग्रजीतून शिकतात, आणि मराठी त्यांच्याकडे देवळातल्या आरत्यांतून, जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकांतून, घरी येणाऱ्या वृत्तपत्रातून आणि आमच्या तासिकेतून येते. घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती म्हणताना जी मराठी त्यांच्या तोंडात सहज बसते, तीच कागदावर आली की ताठ होते. आजी कोंकणीत बोललेली असते आणि मुलाला ती मराठीत लिहायची असते, त्यामुळे आजी एकदम पाठ्यपुस्तकातील आजी होते.

माझ्या हातून या बाबतीत मोठी चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने दोन पाने लिहून आणली. मी त्यावर १७ लाल वर्तुळे केली, आणि त्यांपैकी ११ वर्तुळे त्याच्या घरच्या शब्दांभोवती होती. त्याने "जनेल" लिहिले होते, मी "खिडकी" केले. "कदेल" लिहिले होते, मी "खुर्ची" केले. आजी म्हणाली होती "आयज पोदेर आयलोच ना", त्याचे मी "आज पाववाला आलाच नाही" केले. पान शुद्ध झाले आणि त्या मुलाने त्या वर्षी पुन्हा काही लिहिले नाही. त्याची वही परत मागून ते शब्द पुन्हा घालावेत असे मला आजही वाटते.

आता मी वर्गात तीन गोष्टी वेगळ्या करून सांगते. पहिली, शुद्धलेखनाची चूक : ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षर. ती कथेच्या शेवटच्या प्रतीत दुरुस्त करायची, आधी तिच्याकडे पाहायचे नाही. दुसरी, घरचा शब्द. तो चूक नाही. तो पात्राच्या तोंडी असेल तर जसाच्या तसा राहू द्यावा, आणि निवेदनातही जिथे मराठी शब्दाने वस्तू बदलते तिथे तो ठेवावा, कारण "उंडे" लिहिल्यावर जे दिसते ते "पाव" लिहिल्याने दिसत नाही. तिसरी गोष्ट दोन भाषांची व्याकरणे एकमेकांत शिरण्याची आहे, आणि तिच्याकडे मात्र लक्ष द्यायलाच हवे. "तो येऊन बसलो" असे मूल लिहिते तेव्हा कोंकणीतले "बसलो" मराठी वाक्यात आलेले असते. मराठी वाचकाला मात्र तेथे "मी" ऐकू येतो आणि बसले कोण हेच त्याला कळत नाही. हे मुलाला असे समजावून सांगितले की ते दुरुस्ती आनंदाने करते, कारण आपली भाषा वाईट म्हणून नव्हे, वाचक फसेल म्हणून बदल करायचा आहे हे त्याच्या ध्यानात येते.

मग गोव्याबाहेरच्या वाचकाला हे शब्द कळणार कसे, असा प्रश्न मुले हटकून विचारतात. कंसात अर्थ देऊ नये. शब्द वाक्यातच उलगडेल असे लिहावे. "पोदेराचा भोंगा ऐकून आजी उंड्यांसाठी पिशवी घेऊन दाराशी आली" या वाक्यात पोदेर कोण आणि उंडे काय, हे कोल्हापूरच्या वाचकालाही समजते. संवाद अगदीच अनोळखी असेल तर ऐकणाऱ्या पात्राच्या कृतीतून अर्थ सांगता येतो : "आगे, दार धांप, पावस आयलो," आजीने हाक मारली, आणि मी दाराला कडी घालेपर्यंत उंबरा भिजलासुद्धा.

काही सहकारी या सवलतीला मराठीची हानी मानतात. त्यांच्या मराठीवरील प्रेमाबद्दल मला आदर आहे, पण मला तसे वाटत नाही. इंग्रज धर्मप्रचारक फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, आणि त्याच्या मराठीत येथल्या बोलीचे शब्द मिसळलेले आहेत. प्रमाण मराठीतही चावी, बटाटा आणि पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत. आमच्या मुलांनी जनेल लिहिल्याने जे होईल ते याहून वेगळे नाही.

प्रसंगापासून कथेपर्यंत

ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक वहीत १२ ते १५ तुकडे जमलेले असतात. दिवाळीनंतर त्यांपैकी एक निवडून त्याची कथा करायची असते. मर्यादा ६०० ते ८०० शब्दांची ठेवावी, एकच जागा, एकच रात्र किंवा एकच दिवस, आणि तीनपेक्षा अधिक पात्रे नकोत. मर्यादा सांगितल्यावर मुले कुरकुरतात, पण लांब कथा लिहिणारे मूल बहुधा मालिकेतील घटना आणून भरते.

कथा कशी वाढते हे एका उदाहरणाने सांगणे सोपे जाईल. पुढील उदाहरण त्या मुलीच्या परवानगीने आणि गाव न सांगता देत आहे. तिच्या वहीतील पहिला तुकडा असा होता : "माझे आजोबा खूप प्रेमळ आणि कष्टाळू होते. ते आम्हाला नेहमी चांगल्या गोष्टी सांगत." मी पेन्सिलीने एवढेच विचारले : त्यांच्या हातात सर्वांत जास्त वेळ काय असे? पुढच्या आठवड्यात उत्तर आले : "बॅटरी. भरती रात्री दोन वाजता असली तर आजोबा पावणेदोनला उठत, घड्याळ न लावता."

तिचे शेत खाजन जमिनीत होते. अशी जमीन भरतीच्या पातळीहून खाली असते आणि तिला नदीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचा बांध राखतो. बांधात मानस, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याची झडप, असते, आणि तिची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने मिटतात व ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी उघडतात. दारे नीट मिटली की नाही हे पाहायला आजोबा जात. हे सर्व मुलीने वर्गाला सांगितले, पण कागदावर लिहिले नव्हते, कारण "हे सगळ्यांनाच माहीत असते" असे तिला वाटत होते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांना ते माहीत नव्हते.

माझा दुसरा प्रश्न होता : एखाद्या रात्री ते उठले नाहीत असे झाले का? या प्रश्नावर तिने दोन आठवडे काहीच लिहिले नाही, आणि मीही विचारले नाही. नंतर जी कथा आली तिच्यात आजोबा तापाने अंथरुणावर आहेत, वडील तारवटी, म्हणजे खलाशी, असल्याने बोटीवर आहेत, आणि चौदा वर्षांची मुलगी बॅटरी घेऊन बांधावर जाते. मानशीच्या दाराची एक फळी निखळलेली आहे आणि खारे पाणी शेतात शिरते आहे. तिला एकटीला ते बुजवता येणे शक्य नाही. सर्वांत जवळचे घर ज्या माणसाचे आहे त्याच्याशी मानशीतल्या मासळीच्या लिलावावरून आजोबांचा सहा वर्षांचा अबोला आहे. ती त्या घराची कडी वाजवते. शेवटचे वाक्य तिने पाच वेळा बदलले आणि अखेर ठेवले ते असे : "दार उघडले तेव्हा त्यांच्याही हातात बॅटरी होती."

या कथेत घडलेले किती आणि रचलेले किती, हे मी तिला विचारले नाही. शिक्षकाने ते विचारू नये. "एक माणूस, एक जागा आणि जे ओलांडायचे नाही असे काहीतरी" एवढे फळ्यावर लिहून ठेवावे. मुलांना कथानकाची शास्त्रशुद्ध आकृती शिकवण्यात मी पूर्वी दोन तासिका घालवत असे. आता घालवत नाही.

शेरे आणि वर्तुळ

४० वह्या एका आठवड्यात वाचून होत नाहीत आणि तसा प्रयत्न केला तर शेरे "छान", "आणखी प्रयत्न कर" असे होतात. आठवड्याला ८ वह्या घ्याव्यात, म्हणजे पाच आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. पेन्सिल वापरावी. ज्या वाक्याशी आपण थांबलो त्याच्याखाली बारीक रेघ मारावी आणि संपूर्ण तुकड्यासाठी फक्त एक प्रश्न लिहावा. प्रश्नाचे उत्तर एखादी वस्तू, कृती किंवा बोललेले वाक्य असेल असा तो असावा. "तिला कसे वाटले?" असे विचारले की मूल "तिला वाईट वाटले" असे लिहून मोकळे होते. "तिने ताट कुठे ठेवले?" असे विचारले की वाईट वाटल्याची रीत सापडते.

डिसेंबरात बाके भिंतीला लावून वर्तुळ करावे आणि मुलांनी आपापल्या कथा वाचाव्यात, एका तासिकेत तीनच. ऐकणाऱ्यांनी आधी कागदाकडे न पाहता आठवणीत राहिलेला एक शब्द किंवा वाक्य सांगावे. सल्ला त्यानंतर, आणि तोही प्रश्नाच्या रूपात द्यावा. पहिल्या दिवशी शिक्षकाने आपली कथा वाचावी आणि तिच्यावरचे प्रश्न वहीत टिपून घ्यावेत, समर्थन करू नये. माझ्या फेरीबोटीच्या कथेत सदानंदची बहीण चार पाने बोलत होती. एका मुलीने विचारले, "ती कधी श्वास घेते?" आणि मी तिचे बोलणे एका पानावर आणले.

वाचन पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाच्या भेटीला जोडता आले तर उत्तम. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात गोव्याविषयीच्या जुन्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. मुलांना तेथे फिरवून आणू नये, काम द्यावे : आपल्या गावाचे नाव आलेले एक पान शोधून त्यातील एक वाक्य वहीत उतरवून घ्यायचे.

मोबाइलवरून उतरवलेली किंवा यंत्राकडून लिहून घेतलेली कथा वर्षाला एक-दोनदा येते. त्यावर वर्गात बोलू नये. मुलाला बाजूला घेऊन त्या कथेत त्याच्या घरातील एकच वस्तू आणायला सांगावी. बहुतेक वेळा मूल दुसऱ्या दिवशी नवी कथा घेऊन येते.

गावात वाचली जाणारी कथा

गोव्यातील गाव लहान असते आणि वाड्यावरचा माणूस बदललेल्या नावानेही ओळखू येतो. म्हणून कोणतीही कथा वर्गाबाहेर जाण्यापूर्वी मुलासोबत बसून एकदा विचारावे : ही कथा तुझ्या शेजाऱ्याने वाचली तर घरी काय होईल? नाव, व्यवसाय, घराची जागा आणि वय यांपैकी निदान दोन गोष्टी बदलाव्यात. मूल नको म्हणाले तर कथा वहीतच राहील, आणि त्याबद्दल त्याला पुन्हा विचारू नये.

कधी वहीत कथा नसते, मदतीची हाक असते. ती ओळखणे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि म्हणूनच वहीच्या गुप्ततेचा नियम सांगताना पहिल्याच दिवशी त्याची मर्यादाही सांगावी : कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे दिसले तर मी गप्प बसणार नाही. असे लिखाण हाती आल्यावर त्याच्या शैलीवर एक अक्षरही लिहू नये. मुलाशी एकांतात, पण दार उघडे ठेवून बोलावे, विद्यालयाच्या समुपदेशकाला सोबत घ्यावे, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी मुलाला ठाऊक आहे याची खात्री करावी. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तेथे कोणाचीही प्रतिष्ठा आड येऊ देऊ नये.

आणखी एक नियम लेखक असलेल्या शिक्षकासाठी आहे आणि तो मी अत्यंत गांभीर्याने सांगते. मुलांच्या वहीत वाचलेले आपल्या कथेत कधीही वापरू नये. मानशीच्या दाराशी उभी असलेली ती मुलगी महिनाभर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती आणि तिच्यावर दीर्घकथा लिहिण्याचा मोह मला झाला होता. ती कथा त्या मुलीची आहे, आणि पुढची पाने लिहायची असतील तर तीच लिहील. वर्षाच्या सुरुवातीला मी हे मुलांना शब्द देऊन सांगते.

हस्तलिखित

जानेवारीत हस्तलिखित करावे. छापील वार्षिकांकात दोन-तीनच कथांना जागा मिळते, हस्तलिखितात सर्वांना मिळते. जाड कागद, प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली दोन ते तीन पाने, आणि कापडी शिवण. शुद्धलेखन याच टप्प्यावर तपासावे, आणि मुलांनी जोडीने, शब्दकोश उघडून, एकमेकांचे तपासावे. अनुक्रमणिका गावांच्या नावांनी लावली तर पेडण्यापासून काणकोणपर्यंतची गावे एका पानावर येतात आणि मुलांना ते फार आवडते. शिक्षकाची कथाही त्यात असावी, मध्ये कुठेतरी, पहिली नव्हे.

फेब्रुवारीत, परीक्षेच्या आधी, वह्या मुलांना परत द्याव्यात. त्याच दिवशी मी माझी वहीही टेबलावर उघडी ठेवते आणि ज्यांना वाटेल ते तिच्यावर पेन्सिलीने प्रश्न लिहितात. फेरीबोटीच्या कथेचा हा अकरावा खर्डा आहे. गेल्या वर्षीच्या वर्गाने तिच्या समासात नऊ प्रश्न लिहिले होते, आणि त्यांपैकी आठांची उत्तरे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शोधली. नववा प्रश्न बारीक अक्षरात, अगदी शेवटच्या ओळीशी आहे : "चोडणला पोचल्यावर तो कोणाचे दार वाजवणार?" जूनमध्ये नव्या वर्गापुढे मी तेच पान वाचणार आहे.